खोकला तेवढा राहू दे

नोव्हेंबरात तळं गोठायला लागलं की आमचं काम सुरू.
तिकीटखिडकीला फळी, कारंज्यात पेंढा,
आणि गोलपाळण्याचे चाळीस घोडे
एकेक करून शेडमध्ये, आडवे.
चारी पाय हवेत, तोंडावर तेच उत्साहाचे दात.

साडेनऊला उजाडतं, तीनला मावळतं.
मधल्या वेळात मी आठ नंबरचा घोडा खरवडते.
वर पिवळा. त्याखाली हिरवा,
त्या वर्षी लष्कराचा उरलेला रंग स्वस्तात मिळाला होता म्हणे.
मग निळा. मग एक करडा थर, कशासाठी ते कुणालाच आठवत नाही.
सगळ्यात खाली, कानामागे, नखाएवढा लाल,
आणि लालात रुतून बसलेला
कुणाच्या तरी ब्रशचा एक केस.

बाहेर राइमो लाकडी घसरगाडीचे खांब तपासतोय.
मडकं वाजवून घ्यावं तसा हातोडीने टकटक करतो,
टोपीचा कान वर करून ऐकतो.
हा चालेल. हा चालेल. हा नाही.
खडूची फुली, आणि पुढे.
गेल्या वर्षी फुल्या एकवीस होत्या. यंदा तो मोजत नाही.

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते आमच्याच डोंगराला:
जवळ गेलं की कोंबड्यांची जाळी, प्लास्टर,
पोटात उंदरांची तीन बिऱ्हाडं.
फोडला तेव्हा आत सापडलं ते असं —
चलनातून गेलेली नाणी, एक लोकरी हातमोजा,
आणि खालची कवळी.
एवढ्या वर्षांत कवळी मागायला कुणीही आलं नाही.

डोंगरात राक्षस आहे. त्याचा आवाज विल्होचा.
विल्हो रंताकोस्की, तिकिटं फाडायचा;
सत्तेचाळीस वर्षांपूर्वी बॉयलरच्या खोलीत, सर्दीने बेजार,
टेपरेकॉर्डरसमोर एकदाच ओरडला.
डरकाळी, आणि तिच्या शेपटाला खोकला.
दुसऱ्यांदा ओरडायला त्याने नकार दिला.

टेप आता झिजली. शहरातून एल्मेरी आला,
बावीस वर्षांचा, लॅपटॉपला लोकरी पिशवी.
दोन दिवसांत त्याने आवाज धुऊन दिला:
खरखर गेली, बॉयलरची गुणगुण गेली, खोकलाही गेला.
आम्ही डब्यात बसून आत गेलो.
डरकाळी आली. नळाच्या पाण्यासारखी.
राइमो म्हणाला, ‘हं.’
तो नवीन नटबोल्टलाही एवढंच म्हणतो, म्हणून कळेना.

गुरुवार होता. आउने वाटाण्याचं सूप घेऊन आली,
विल्होची थोरली, उन्हाळ्यात वॉफलची गाडी चालवणारी.
पातेलं दोन्ही हातांत, दारात उभी.
डरकाळी झाली. ती तशीच थांबली,
जिना उतरताना शेवटची पायरी नसावी, तशी.
मग म्हणाली, ‘सूप गार होतंय.’

एल्मेरीने एक वाटी संपवली. दुसरी अर्धी.
हात पुसले, लॅपटॉप उघडला,
आणि कुणी काही न सांगता
खोकला परत त्याच्या जागी चिकटवला.
बॉयलरही थोडा ठेवला, आवाजाला पाठ टेकायला.

घोड्याचा रंग ऑफिसने ठरवला, नंबर दिला.
लाल तुकडा मला तसाच ठेवायचा होता,
पण उघड्या जागेतून ओल शिरते, मग लाकूड कुजतं.
मी रंगवला. तीन हात.
तिसऱ्या हातात माझ्या ब्रशचा केस सुटला,
मानेवर, आयाळीच्या आत.
चिमटा खिशातच होता.

एप्रिलअखेर पहिला दिवस. बोचरा वारा, मोजकी माणसं.
एक पोरगी डोंगरातून बाहेर आली,
पाच-सहा वर्षांची, पिवळे बूट,
आईचा हात सोडून थेट वॉफलच्या गाडीपाशी.
‘आत कुणीतरी आजारी आहे,’ ती म्हणाली.
‘ठाऊक आहे,’ आउने म्हणाली,
आणि वॉफलवर मुरंबा घालू लागली,
घालतच राहिली.